मुलाखतीच्या दारात दहा वर्षांचे मूल

दिवाळीची सुट्टी संपली की देवनारच्या आमच्या वस्तीत काही घरांपुरता एक निराळा हंगाम सुरू होतो. घरातले मूल पाचवीत असते. निवासी शाळेच्या प्रवेशाचा अर्ज भरून झालेला असतो. रात्रीची जेवणे आटोपली की मुलाला खुर्चीवर ताठ बसविले जाते आणि दहा वर्षे त्याला नावाने हाका मारीत आलेली त्याची आई परक्या माणसाच्या आवाजात विचारते, ‘‘तुझे नाव काय?’’ मूल प्रथम हसते. मग दटावणी झाली की गंभीर होते आणि पाठ केलेले उत्तर इंग्रजीत म्हणून दाखविते. नावामागून वडिलांचा व्यवसाय, आवडता खेळ, आवडते पुस्तक, मोठेपणी कोण होणार हे सारे क्रमाने येते आणि शेवटी ‘तुला याच शाळेत का यायचे आहे?’ या प्रश्नाचे चार वाक्यांचे उत्तर. ते उत्तर लिहून देणाऱ्याने ती शाळा पाहिलेली नसते. मुलाने तर नाहीच.

अशी उत्तरे लिहून देणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक एक आहे. शिक्षकी पेशातल्या माणसाकडे शेजारीपाजारी विश्वासाने मुले पाठवितात आणि त्यांना परत पाठविणे जिवावर येते. गेली काही वर्षे रविवारी सकाळी दोन-तीन मुले समोर बसवून मी हा उद्योग करीत आलो आहे. त्यातील एका मुलाच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळे या साऱ्या प्रकाराचा नव्याने विचार करणे मला भाग पडले. ती चूक सांगितल्यावाचून पुढचे काही सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मुलगा बैंगनवाडीकडचा. वडिलांचा भंगार निवडण्याचा धंदा. घाटावरच्या एका खासगी निवासी शाळेत गरीब मुलांसाठी काही जागा राखलेल्या होत्या. लेखी परीक्षेत मुलगा उत्तीर्ण झाला आणि मुलाखतीचे पत्र आले. तयारीच्या पहिल्याच दिवशी वडील दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘सर, भंगाराचं तेवढं नको सांगायला. बरं दिसत नाही.’’ मलाही ते पटले. मी मुलाला सांगितले, वडील काय करतात असे विचारले तर ‘बिझनेस’ म्हणायचे. महिनाभर तो तसे म्हणत राहिला.

मुलाखतीच्या दिवशी मी त्या दोघांबरोबर गेलो. मुलगा आत गेला तो दहा मिनिटांत बाहेर आला. परतीच्या एस.टी.त बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत होता. मग त्याने विचारले, ‘‘सर, ते खोटं नव्हतं ना?’’ हळूहळू सारा प्रकार कळला. त्याने ठरल्याप्रमाणे ‘बिझनेस’ म्हटले होते. समोरच्या गृहस्थांनी, बहुधा कौतुकानेच, विचारले, ‘कसला बिझनेस?’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही तयार केलेले नव्हते. मुलगा गप्प झाला आणि मग पुढच्या सोप्या प्रश्नांनाही गप्पच राहिला.

वडिलांना झोप लागली होती. वेळ जावा म्हणून मी त्याला विचारले की, तुझे बाबा प्लॅस्टिकचे प्रकार ओळखतात तरी कसे? मुलगा एकदम सरसावून बसला. वाकवून पाहायचे, टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि तरीही कळले नाही तर तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायचा. पाण्याच्या बाटलीचा तुकडा बुडतो, बादलीचा किंवा पिशवीचा तरंगतो. नळाचा पाइपही बुडतो. ‘‘जे बुडतं ते तरंगणाऱ्यात मिसळलं तर सगळा माल खराब होतो,’’ असे तो म्हणाला. पदार्थाची घनता हा धडा ज्या वयात मुलांनी अद्याप वाचलेलाही नसतो, त्या वयात हा मुलगा तिचा व्यवहारात उपयोग करीत होता. जगातल्या कोणत्याही परीक्षकाला उठून बसावेसे वाटले असते असे उत्तर त्याच्यापाशी होते आणि ते लपवावे असे त्याला मी शिकविले होते.

दूर पाठविण्यामागची आस

निवासी शाळेचा विचार आईबाप का करतात, हे देवनारमध्ये राहणाऱ्याला फारसे समजावून सांगावे लागत नाही. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा येथे येऊन पडत आला आहे. १९७१ साली महापालिकेचा कत्तलखाना येथे आला. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईच्या मानवी विकासाचा जो २००९ चा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ज्या एम-पूर्व विभागात हा भाग मोडतो, तो विभाग शहरात सर्वांत तळाला होता. याच देवनारमध्ये १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि लोकसंख्याशास्त्राचे अध्ययन करणारी राष्ट्रीय पातळीची संस्थाही आहे. समाजातील विषमतेचा अभ्यास करण्यासाठी देशभरातून विद्यार्थी जेथे येतात, तेथून चालत जाण्याच्या अंतरावर ती विषमता दहा फूट रुंदीच्या खोल्यांत राहते.

अशा ठिकाणी, मुलाला स्वच्छ हवा मिळावी, अभ्यासाला स्वतःचे मेज असावे, सकाळी खेळायला मैदान असावे, असे आईबापांना वाटले तर त्यात चुकीचे काही नाही. त्यातही दोन तऱ्हेचे पालक दिसतात. वसाहतीत राहणारे कारकून, शिक्षक, बँकेतील नोकरदार यांना मुलाला शिस्त लागावी, इंग्रजी सुधारावे आणि पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावे अशी आशा असते. पलीकडच्या झोपडवस्तीतील पालकांची आशा याहून साधी असते: मुलगा येथून बाहेर पडावा. पहिल्या पालकाला निवड न झाल्यास दुःख होते. दुसऱ्याला बहुधा दुसरी वाटच उरत नाही. मुलाखतीच्या खोलीत मात्र दोघांच्या मुलांना एकाच खुर्चीवर बसावे लागते.

कोठे मुलाखत, कोठे नाही

या विषयावर पालकांत जेवढी चर्चा होते तेवढी नेमकी माहिती नसते, म्हणून येथे ती थोडी देणे उपयुक्त ठरेल. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. २०१९ साली चंद्रपूरला राज्यातील दुसरी शाळा निघाली. या शाळांत पूर्वी लेखी परीक्षेनंतर मुलाखत होत असे आणि तिची धास्ती कित्येक घरांनी अनुभवलेली आहे. आज ती मुलाखत राहिलेली नाही. २०२१ पासून नॅशनल टेस्टिंग एजन्सी ही प्रवेश परीक्षा घेते. सहावीसाठी ३०० गुणांची प्रश्नपत्रिका असते. त्यांपैकी १५० गुण गणिताला आणि प्रत्येकी ५० गुण भाषा, बुद्धिमत्ता व सामान्यज्ञान यांना असतात. सहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. २०२१-२२ पासून मुलींनाही या शाळांत प्रवेश मिळू लागला. तरीही सैनिक शाळेच्या ‘मुलाखतीची तयारी’ करून घेणारे पालक मला अजून भेटतात. जुन्या भीतीला नियम बदलल्याची बातमी पोहोचायला वेळ लागतो.

डेहराडूनच्या राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालयाची गोष्ट वेगळी. १९२२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत साडेअकरा ते तेरा वर्षे वयाची मुले आठवीच्या वर्गात घेतली जातात. महाराष्ट्रातील उमेदवारांची लेखी परीक्षा पुण्यास होते: गणित २००, इंग्रजी १२५, सामान्यज्ञान ७५. त्यानंतर ५० गुणांची तोंडी परीक्षा असते आणि तिच्यातही निम्मे गुण मिळवावेच लागतात. म्हणजे चारशे गुणांत पुढे असलेला मुलगाही त्या पन्नासांत मागे पडू शकतो. संभाजीनगर येथे राज्य शासनाने १९७७ साली सुरू केलेल्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेत दहावीनंतरच्या मुलांना लेखी परीक्षा आणि मुलाखत या दोन्हींतून जावे लागते. मात्र तेथे उमेदवार पंधरा-सोळा वर्षांचा असतो, आणि त्या वयात मुलाखत देणे ही निराळी गोष्ट आहे.

नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाबरोबर देशभर गेली. पण तिचा पहिला प्रयोग ज्या दोन ठिकाणी झाला, त्यांपैकी एक आपले अमरावती होते. येथे शिक्षण, निवास, भोजन सारे विनामूल्य. प्रवेशासाठी ८० प्रश्नांची दोन तासांची एकच परीक्षा, तीही मराठीतून, आणि मुलाखत मुळीच नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना मिळतात. ग्रामीण गुणवत्तेसाठी आखलेली ही योजना त्या हेतूपुरती योग्यच आहे. पण मूल ज्या जिल्ह्यात शिकते, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी त्याला परीक्षा देता येते. आणि मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत नवोदय विद्यालय नाही. म्हणजे जी निवासी शाळा पैसे मागत नाही आणि मुलाखतही घेत नाही, तिचे दार बैंगनवाडीच्या मुलाला त्याच्या पत्त्यामुळेच बंद आहे. त्याच्यासाठी उरतात त्या पाचगणी, नाशिक, देवळाली अशा ठिकाणच्या खासगी शाळा. पाचगणीत सेंट पीटर्ससारखी शाळा १९०४ पासून आणि संजीवन विद्यालय १९२२ पासून चालू आहे; अशा जुन्या-नव्या शाळांची त्या डोंगरावर मोठी परंपरा आहे. पण खासगी निवासी शाळेचे शुल्क कारकुनाच्या पगारालाही पेलवत नाही, आणि सवलतीच्या जागा जेथे असतात तेथे त्या अगदी मोजक्या असतात.

येथे कायद्याचाही उल्लेख करावयास हवा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी बालकाची किंवा त्याच्या आईवडिलांची छाननी करण्यास मनाई केली आहे. पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सैनिक शाळा आणि नवोदय विद्यालये यांचा वेगळा वर्ग याच कायद्याने मानला आहे. परंतु कायद्याने ‘मुलाखत’ हा शब्द अवघड केला, तेव्हा ‘संवाद’, ‘परिचयभेट’ असे शब्द प्रचारात आले. शब्द बदलला तरी मूल त्याच खुर्चीवर बसते आणि आईवडिलांच्या शिक्षणाचीही चौकशी होते, हा अनुभव पालकांना नवा नाही.

पंधरा मिनिटांत काय कळते?

मुलाखतीच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रथम म्हटले पाहिजे. लेखी परीक्षा निर्दोष असते असे मुळीच नाही. ज्याच्या बापाला शिकवणीचे शुल्क भरता येते त्याचे गणित पक्के होते, हे आपण रोज पाहतो. शिवाय निवासी शाळेला जे ठरवावयाचे असते ते केवळ गणितावरून कळत नाही. हे मूल घरापासून दूर राहू शकेल काय, दहा जणांच्या खोलीत त्याचे जमेल काय, ते मनापासून येत आहे की त्याला पाठविले जात आहे, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे मुलाशी बोलल्यावाचून मिळणार नाहीत. एखाद्या समंजस मुख्याध्यापकाने दहा मिनिटांत एखाद्या मुलाचे रडवेले मन ओळखून त्याला घरी परत पाठविले असेल, तर त्याने त्या मुलावर उपकारच केले आहेत.

प्रश्न असा आहे की मुलाखतीत प्रत्यक्ष मोजले काय जाते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांविषयी दिलेले अभिप्राय तपासले. त्यांना असे आढळले की, शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा निरनिराळ्या गुणांना दिलेले गुणांक एकमेकांशी प्रमाणाबाहेर जुळत होते. जो एका बाबतीत भला दिसला तो साऱ्याच बाबतींत भला ठरत होता. अनुभवी अधिकाऱ्यांचे, रोजच्या परिचयातल्या प्रौढ माणसांविषयी असे होत असेल, तर अनोळखी मुलाविषयी पंधरा मिनिटांत काय होत असेल याची कल्पना करता येते. मुलाने खोलीत शिरताना ‘गुड मॉर्निंग’ म्हटले, बूट चकाकत असले, वाक्य न अडखळता पुरे केले, की त्याची बुद्धीही चकाकते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बुर्दिय यांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. सुस्थित घरातील मुलाला बोलण्याचे वळण, पुस्तकांची ओळख, मोठ्यांसमोर वावरण्याची सवय ही घरातून वारसाहक्काने मिळते. शाळा त्या वारशाला गुणवत्ता समजते. आपल्याकडे या वारशात इंग्रजीची भर पडली आहे. जे मूल मराठीत किंवा हिंदीत तासभर बोलू शकते, ते इंग्रजीत तीन वाक्यांनंतर थांबते आणि त्याच्या थांबण्याला ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे नाव मिळते.

माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले, पण त्यात मोठा वाटा माझा होता. शाळेने त्याला भंगाराविषयी बोलू नको असे सांगितले नव्हते. परीक्षकांना काय आवडेल याचा अंदाज बांधून आम्ही आधीच त्याच्या आयुष्याची छाननी करून टाकली होती. मुलाखतीच्या तयारीचा जो धंदा आज फोफावला आहे, तो याच अंदाजावर चालतो. दहा मुलांना एकाच साच्यातली उत्तरे दिली जातात. दहाही मुलांचे आवडते शास्त्रज्ञ तेच आणि दहाही मुलांना देशसेवाच करावयाची असते. परीक्षकाला यातून काही कळत नाही. मुलाला मात्र एक गोष्ट पक्की कळते: मी जसा आहे तसा चालणार नाही. दहाव्या वर्षी शिकलेला हा धडा शाळेत प्रवेश मिळाला तरी पुसला जात नाही.

दारापर्यंत नेणारा माणूस

महाराष्ट्राला अशा मुलाखतीचे एक फार मोठे उदाहरण ठाऊक आहे. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च वडिलांना पेलेनासा झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. ही कथा आपण बहुधा महाराजांचे औदार्य आणि भीमरावांची बुद्धिमत्ता यांच्यासाठी सांगतो. केळूसकर तीत एका वाक्यापुरते येतात. वस्तुतः केळूसकर हे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या मुलाची त्यांनी आपण होऊन चौकशी केली, तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे त्याला योग्य दारापर्यंत नेले. मुलाखत यशस्वी झाली ती पाठ केलेल्या उत्तरांमुळे नव्हे. त्या मुलाला अनेक महिने ओळखणारा एक माणूस त्याच्यासाठी शब्द टाकीत होता.

दुसरी परंपराही आपलीच आहे. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली, ती मुले निवडून काढण्यासाठी नव्हे, तर ज्यांना शहरात डोके टेकायला जागा नव्हती त्यांना सामावून घेण्यासाठी. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वतः कामे करीत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. या वसतिगृहात येणाऱ्या मुलाला ‘तू आमच्या योग्य आहेस काय’ असे कोणी विचारीत नव्हते. त्याची गरज हीच त्याची पात्रता होती. निवासी शिक्षण म्हणजे निवडक मुलांसाठी डोंगरावरची शाळा, ही कल्पना आपण नंतर पत्करली. महाराष्ट्राने स्वतः निर्माण केलेली कल्पना याच्या अगदी उलट होती.

तयारी कशाची करावी?

तरीही मुलाखत जेथे आहे तेथे ती द्यावीच लागणार, आणि पालक विचारणारच की, मग मुलाची तयारी करावी ती कशी? माझ्या चुकीनंतर मी जे करू लागलो, ते येथे सांगतो.

उत्तरे लिहून देणे मी बंद केले. ज्यांची उत्तरे मला ठाऊक नाहीत असे प्रश्न मी मुलांना विचारतो. तुझ्या घरी पाणी कधी येते आणि ते कोण भरते? तुझ्या गल्लीतील सर्वांत जुने दुकान कोणते? काल तुला कशाचा राग आला? पाठ केलेले उत्तर या प्रश्नांना चालत नाही, म्हणून मूल विचार करू लागते. आईवडिलांचा धंदा जो असेल तो त्याच नावाने सांगावयाचा, आणि त्यात ते नेमके काय करतात हे मुलाने एक दिवस त्यांच्याबरोबर राहून पाहावयाचे, असा आता आमचा नियम आहे. जे येत नाही त्याला ‘मला माहीत नाही’ असे स्वच्छ म्हणण्याचा सराव मी करून घेतो. हे वाक्य मोठ्या माणसांनाही अवघड जाते. अनोळखी माणसांशी बोलण्याची सवय टपाल कार्यालयात, शिधावाटप दुकानात, वाचनालयात लागते. त्यासाठी मुलाला एकट्याने दोन कामे करावयास पाठवावे. इंग्रजी येत नसेल तर सोपी, लहान वाक्ये पुरेत. आणि अडले तर ‘मी मराठीत सांगू का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही, हे त्याला आधी सांगून ठेवावे.

याहून महत्त्वाची तयारी मुलाखतीनंतरच्या दिवसांची आहे. मुलाने आठवडाभर नातेवाइकांकडे आईवडिलांवाचून राहून पाहावे. आपले कपडे धुवावेत, आपले अंथरूण घालावे. आणि शाळेनेच मुलाला प्रश्न विचारावेत असे नव्हे. पालकांनीही शाळेला विचारावेत. रात्री मुलाला ताप आला तर कोण उठते? एका गृहपालाकडे किती मुले असतात? मोठ्या मुलांनी त्रास दिला तर तक्रार कोणाकडे करावयाची? बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी २०१२ चा कायदा आहे. त्या दृष्टीने शाळेने कोणती व्यवस्था केली आहे? मुलाला घरी दूरध्वनी कधी करता येतो, आणि त्या वेळी जवळ कोणी उभे असते काय? हे प्रश्न विचारण्याचे धैर्य फार थोडे पालक दाखवितात, कारण आपणच परीक्षेला बसलो आहोत असे त्यांना वाटत असते.

शिवाय एक प्रश्न घरातच, कोणी बाहेरचे नसताना, मुलाला विचारावा: तुला जायचे आहे का? उत्तर ‘नाही’ आले तर ते ऐकून घेण्याची तयारी ही पालकांची तयारी होय. दहा वर्षांच्या मुलाचा नकार दरवेळी अंतिम मानावा असे मी म्हणत नाही. पण तो नकार ज्या घरात उच्चारताच येत नाही, त्या घरातून निघालेले मूल वसतिगृहात रात्री कोणाजवळ बोलणार?

ज्या शाळा मुलाखत घेतात त्यांच्याकडूनही काही अपेक्षा ठेवता येतील. सर्व मुलांना तेच प्रश्न विचारावेत आणि गुण देण्याचे निकष आधी लिहून ठेवावेत. मोकळ्या गप्पांपेक्षा अशी मुलाखत अधिक भरवशाची ठरते, हे नोकरीसाठीच्या निवडीवरील संशोधनाने दाखविले आहे. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याला बोलू द्यावे. इंग्रजी शाळेत आल्यावर शिकविता येते, त्यासाठीच शाळा असते. पालकांचा व्यवसाय आणि उत्पन्न यांचे कागद मुलाखत घेणाऱ्यांपुढे ठेवू नयेत. शक्य असेल तेथे पंधरा मिनिटांच्या खुर्चीऐवजी मुलाला एक दिवस शाळेत राहू द्यावे. मैदानावर, पंगतीत, दुसऱ्या मुलाशी भांडण झाले असता ते कसे वागते, हे पाहिल्यावर शाळेला पुष्कळ अधिक कळेल आणि मुलालाही शाळा कळेल. सवलतीच्या जागांसाठी येणाऱ्या मुलांना तर हे अधिकच लागू आहे.

राहता राहिला आपला, म्हणजे या वृत्तपत्राचे हे पान वाचणाऱ्या शिक्षक-कारकून-विद्यार्थ्यांचा वाटा. देवनार, गोवंडी, मानखुर्दच्या कित्येक घरांत अर्ज कोठे मिळतो, दाखला कोणता लागतो, कोणत्या परीक्षेत मुलाखत आहे आणि कोणत्या नाही, हे सांगणारेच कोणी नसते. हे काम करावयास केळूसकरांइतकी विद्वत्ता लागत नाही. एका मुलाला वर्षभर ओळखावे, त्याचा अर्ज भरून द्यावा, त्याच्याबरोबर दारापर्यंत जावे, एवढे आपल्यापैकी पुष्कळांना जमण्यासारखे आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना तर ते अधिक सहज जमेल. त्यांची स्वतःची मुलाखत फार जुनी झालेली नसते.

माझ्या त्या विद्यार्थ्याची निवड झाली नाही. तो आता जवळच्या महापालिका शाळेत सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात पाण्याची बादली आणावयास सांगितली आणि कोणती वस्तू तरंगेल, कोणती बुडेल असे विचारले. वस्तू पाण्यात टाकण्यापूर्वीच त्याने साऱ्यांची उत्तरे दिली. बाईंनी विचारले, ‘‘तुला कसे ठाऊक?’’ तो म्हणाला, ‘‘बाई, माझे बाबा भंगार निवडतात.’’

हे मला त्याच्या वडिलांनी सांगितले. या वेळी ते दारात उभे राहिले नाहीत. आत येऊन बसले.